आरती गेली त्याच वाटेने

गणपतीच्या आधीच्या रविवारी मी माळ्यावरून टाळांची पिशवी काढली आणि गॅलरीत उभा राहून झटकली. वर्षभराची धूळ सरळ नाकात गेली. मी शिंकलो. लागोपाठ तीनदा, आणि तीही आमच्या घराण्याची शिंक, म्हणजे समोरच्या छपरावरची कबुतरं उठावीत अशी. इथवर काही बिघडलं नव्हतं. पण मान वर केली तर मखराचे पुठ्ठे कापत बसलेली चार माणसं माझ्याकडे बघत होती, आणि कुणी काही विचारायच्या आत मीच मोठ्याने जाहीर करून टाकलं, "धुळीची आहे, धुळीची. ताप नाहीये मला."

चोराच्या मनात चांदणं ते हेच. चौघांच्याही डोक्यात नव्हतं ते मी स्वतः उचलून त्यांच्या डोक्यात ठेवलं. एकाने आपला पुठ्ठा हळूच हातभर लांब ओढला. दुसरा म्हणाला, "काका, बसा ना आत आरामात, आम्ही करतो इकडचं." आतून बायको म्हणाली, "कुणी विचारलं होतं का तुम्हाला?"

नव्हतं विचारलं. तीन वर्षांत कुणीच विचारलेलं नाही. त्रास तोच आहे.

भाद्रपद आला की आमच्या घोडपदेवच्या चाळीला ठरलेले वास येतात. दोरीवर चार दिवस वाळत असूनही न वाळलेल्या कपड्यांचा. कापराचा. गावाहून कुणीतरी ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेल्या हळदीच्या पानांचा, पातोळ्या वाफवण्यासाठी. मखरावर मारलेल्या सोनेरी रंगाचा. पाऊस जरा मागे सरतो, ऊन पडतं, पण ते ऊनही ओलसर, तापातून उठलेल्या माणसासारखं. लालबागच्या बाजूने ढोलाच्या सरावाचा आवाज वाऱ्यावर येतो आणि जातो. पोरं खूश असतात, बाया दमलेल्या असतात. आणि मला या सगळ्यांच्या खाली आणखी एक वास येतो, बामाचा. तो तीन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदाचा आहे. अख्खी चाळ तेव्हा बाम चोळून बसली होती.

आमच्या चाळीला दोन जिने. पुढचा रस्त्याकडचा, रुंद, उजेडाचा. मागचा नळाकडचा, काळोखा, पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या, आणि वर पोचल्यावर अख्खी गॅलरी चालून यावी लागते. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, पुढच्या जिन्याला अगदी लागून. तरी गेली तीन वर्षं मी मागच्या जिन्याने ये-जा करतो. कुणी विचारलं तर सांगतो, डॉक्टरने चालायला सांगितलंय. पोटाकडे बघून लोकांना ते पटतंही.

खरं कारण पहिल्या मजल्यावर, पुढच्या जिन्याच्या तोंडाशी, स्टुलावर बसलेलं असतं. त्या कारणाचं नाव नाना.

नाना आमच्या चाळीतले सगळ्यात जुने. गिरणीत कार्डिंग खात्याला होते, जिथे कापूस पिंजला जातो. पंचवीस वर्षं त्यांनी श्वासाबरोबर कापूस ओढला. गिरणी गेली, पण कापूस छातीत राहिला. जिना चढताना ते मध्ये दोनदा थांबायचे, आणि आपण दमलोय हे कळू नये म्हणून थांबल्या ठिकाणी कुणाची तरी चौकशी करायचे. "काय गो, पोरगी पास झाली मा?" असं म्हणत श्वास जमवायचा. पण हाच माणूस आरतीला उभा राहिला की हा दम कुठून यायचा ते देव जाणे. शेवटच्या मोठ्या आरतीत एका जागी एकाच शब्दावर सूर लांबवत सगळे थांबतात, कोण किती वेळ धरून ठेवतो ते बघतात. बाकीचे एकेक करत गळायचे. तरणी पोरं लाल होऊन सोडून द्यायची. आणि शेवटी खोलीत एकट्या नानांचा सूर उरायचा, बारीक पण न हलणारा, निरांजनाच्या ज्योतीसारखा. मग ते टाळाचा एक ठोका द्यायचे आणि सगळी चाळ एकदम पुढच्या ओळीवर उतरायची.

मला आरत्या त्यांनी शिकवल्या. मी सात-आठ वर्षांचा असेन. त्यांच्या खोलीत उंबऱ्यावर बसवून घोकून घेत. चुकलो की टाळाची किनार हलकेच डोक्यात. आजही एका कडव्याला माझा हात आपोआप टाळूवर जातो.

गावी न जाणारी, इथेच गणपती आणणारी आमच्याकडे सात घरं. संध्याकाळची आरती तिसऱ्या मजल्यावरून सुरू होते आणि एकेक घर करत खाली उतरते. शेवटचं घर नानांचं, कारण तिथे काळ्या वाटाण्याची उसळ असते आणि उसळ खाल्ल्यावर कुणी पुढे हलत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत पंचवीस-तीस माणसं. वारा लागून निरांजन विझू नये म्हणून पंखा बंद. त्याच कारणाने खिडकीही बंद. दार उघडं, पण दारात माणसंच इतकी की ते बंद असल्यासारखंच. त्यात सगळे तोंड उघडून, पूर्ण ताकदीने गाणारे. मग तबक फिरतं, ज्योतीवरून हात फिरवायचा आणि डोळ्यांना लावायचा, तोंडाला लावायचा, आणि त्याच हाताने प्रसाद घ्यायचा. मुलगी पुढे मला म्हणाली, "बाबा, फ्लूच्या विषाणूला कुणी जागा शोधून द्यायला सांगितलं असतं ना, तर एखाद्या चांगल्या एजंटनेही याहून चांगली दाखवली नसती."

मुलगी म्हणजे ऋतुजा. तिने मायक्रोबायोलॉजी केलंय, परळला एका लॅबमध्ये लागली आहे. लोकांच्या घशातलं काढून ते तपासणं हे तिचं काम. घरी मात्र मला समजावताना तिचा स्वतःचा घसा कोरडा पडतो.

तर त्या वर्षी. कोरोना मागे पडला होता. मास्क कपाटाच्या तळाशी, लग्नातल्या शेल्याच्या खाली गेले होते. लोक सावधपणाला इतके कंटाळले होते की कुणी खोकलं तरी मुद्दाम त्याच्या शेजारी जाऊन बसायचे, मैत्री सिद्ध करायला. आणि त्याच वर्षी, गणपतीच्या आदल्या रविवारी, नानांनी मला खाली बोलावलं आणि आपले टाळ माझ्यासमोर ठेवले.

"यंदापासून आरती तू सांगायची. माका आता पुरना नाय दम."

मी पन्नाशीला आलो होतो. शिवडीला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कागद पुढे सरकवण्यात आयुष्य गेलं, तिथे मला कुणी कसलंच पुढारपण दिलेलं नाही. चाळीत मी कुणाचा तरी नवरा आणि कुणाचा तरी बाप. आणि आता सात घरांची आरती मी सांगणार. त्या रात्री मी बायकोला न कळेल असा आरशासमोर उभा राहून श्वास मोजला. तिला अर्थात कळलं. "भिंतीला ऐकू जातंय," म्हणाली.

सोमवारी ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावरचा पीटर दिवसभर शिंकत होता. त्याच्या धाकट्याने शाळेतून सर्दी आणली होती. पीटर स्वभावाने फार उदार, डबा उघडला की पहिला घास दुसऱ्याला. त्याने ते पण दिलं. बुधवारी चतुर्थी. दुपारी मोदक खाऊन आडवा झालो आणि उठलो तेव्हा अंग कुणीतरी पिळून वाळत घातल्यासारखं झालं होतं. डोळ्यांच्या मागे दुखत होतं. बायकोने हात लावून पाहिला. "अंग तापलंय तुमचं. आज राहू द्या. दुसरं कुणी सांगेल आरती."

दुसरं कुणी. हे दोन शब्दच लागले मला.

घरात कोरोनाचं एक जुनं टेस्टचं किट पडलेलं होतं. मी ते शोधून काढलं, नाकात काडी घातली, पंधरा मिनिटं त्या पट्टीकडे बघत बसलो. एकच रेघ आली. मी ती पट्टी बायकोला शाळेतल्या प्रगतिपुस्तकासारखी नेऊन दाखवली. "निगेटिव्ह. काही नाही. साधा ताप आहे." तापाची गोळी घेतली. तासाभरात घाम आला, अंग हलकं झालं. सदरा बदलला, गंध लावलं आणि टाळ घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो.

ऋतुजा त्या दिवशी मैत्रिणीकडे गिरगावला होती. ती घरी असती तर तिने मला दारातच अडवलं असतं. पुढे तिने मला समजावलं, अगदी लहान मुलाला सांगतात तसं, की ते किट एकाच विषाणूला ओळखतं. बाकीचे त्याच्या समोरून हात हलवत गेले तरी ते म्हणणार, मी नाही पाहिलं कुणाला. पण ते पुढे.

त्या संध्याकाळी मी कसा गायलो, हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे ते खरं. मी माझ्या आयुष्यात इतका चांगला कधी गायलो नाही. तापाने कान बंद झाले होते, त्यामुळे स्वतःचा आवाज मला आतून, घुमून ऐकू येत होता. घराघराने आरती उतरत गेली. चौथ्या घरी कुणीतरी म्हणालं, "नानांचा पठ्ठ्या शोभतोस." शेवटी नानांच्या घरी पोचलो. नाना मखराशेजारी उभे होते, एका हाताने कपाटाला धरून. माझे टाळ त्यांनी क्षणभर हातात घेतले, कपाळाला लावले आणि परत माझ्या हातात दिले. मग मोठी आरती. ती जागा आली. सूर लांबवला. एकेक गळत गेले. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा दोघेच उरलो होतो, मी आणि नाना, एकमेकांपासून हातभर अंतरावर, एकमेकांच्या तोंडाकडे बघत. मग नानांनी हसून हात वर केला आणि सोडून दिलं. मी एकटा उरलो. किती वेळ धरला ते माहीत नाही. ठोका दिला तेव्हा खोलीत टाळ्या पडल्या. आरतीत टाळ्या पडत नाहीत. त्या वर्षी पडल्या.

गुरुवारी मला उठवेना.

शुक्रवारी तिसऱ्या मजल्यावर खोकला सुरू झाला. शनिवारी दुसऱ्या. चाळीच्या भिंती पातळ, त्यामुळे अंथरुणात पडल्या पडल्या मला सगळं कळत होतं. हा वरच्या सावंतांचा, कोरडा. ही त्यांची आई. हा चौथ्या घरातला, ज्याने मला शाबासकी दिली. मला ते सगळं आरतीच्या क्रमाने ऐकू येत होतं. आरती ज्या वाटेने उतरली होती, त्याच वाटेने ताप उतरत होता. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात बाकावर बसलेली माणसं बघून डॉक्टर म्हणाले म्हणे, "अरे, विसर्जन इकडे नाही, पुढे."

ऋतुजा म्हणते, क्रम वगैरे काही नसतं बाबा. एकाच संध्याकाळी तू सगळ्यांकडे गेलास. कुणाला एका दिवसात ताप येतो, कुणाला तीन-चार दिवसांनी. त्यात तुझ्या मनाने रांग लावली. तिचं बरोबर असेल. पण रांगेत शेवटचं घर कुठलं, ते मला माहीत होतं, आणि मी त्या घराच्या खोकल्याची वाट बघत पडून होतो.

शनिवारी संध्याकाळी तो आला. नाना फार खोकले नाहीत. खोकायलाच दम लागतो. नुसता एक घरघर आवाज, बंद पडायच्या आधी पंख्याचा येतो तसा. रविवारी सकाळी खुर्चीत बसवून त्यांना पुढच्या जिन्याने खाली उतरवलं. मी वरून, जिन्याच्या कठड्याच्या फटीतून पाहिलं. नेहमी जिथे थांबून ते लोकांची चौकशी करायचे, त्या पायरीवर खुर्ची एकदा टेकवली होती. यावेळी त्यांनी कुणाला काही विचारलं नाही.

परळच्या मोठ्या हॉस्पिटलात ते चौदा दिवस होते. नळीतून ऑक्सिजन. घशातला स्वॅब तपासला, त्यात इन्फ्लुएंझा ए निघाला, एच थ्री एन टू. त्यावरून मी ऋतुजाला पहिल्यांदा विचारलं, की हे एबीसीडी काय आहे. ती ओट्याशी उभी राहून माझ्यासाठी पेज ढवळत होती.

"चार प्रकार असतात बाबा. ए, बी, सी आणि डी. ए सगळ्यात उपद्व्यापी. माणसात राहतो, पक्ष्यांत राहतो, डुकरांत राहतो. त्याच्या अंगावर दोन तऱ्हेचे काटे. एच म्हणजे आपल्या पेशीला धरायचा हात. एन म्हणजे काम झाल्यावर सुटून बाहेर पडायची कात्री. या दोघांचे नंबर बदलत राहतात, म्हणून ती नावं."

"आणि बी?"

"बी मुख्यतः माणसातच. तोही आजारी पाडतो, पण ए-इतकी सोंगं बदलत नाही. सी म्हणजे किरकोळ सर्दी, बहुतेकदा कळतही नाही. डी गाईगुरांना होतो."

"म्हणजे डी-ची मला भीती नाही."

बायको भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगता येत नाही."

मी हसलो, मग खोकलो. ऋतुजाने मला तोंड कोपरात घालायला लावलं. तळहातात नाही, कोपरात. आमच्या आईने आम्हाला तळहात तोंडावर धरायला शिकवलं होतं, तेच सभ्यपणाचं लक्षण होतं. तोच तळहात मग दाराच्या कडीला, नळाला, पाहुण्याच्या हाताला. सभ्यपणानेच आपण किती वाटलं असेल कुणास ठाऊक.

"पण हाताचं एक वेळ राहू दे," ती म्हणाली. "मुख्य म्हणजे हवा. खोकला, शिंक, बोलणं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे मोठ्याने गाणं. थेंब उडतात. मोठे असतात ते हातभर जाऊन पडतात. बारीक असतात ते खोली बंद असेल तर तरंगत राहतात. आणि ताप यायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस ते सोडत असतो."

"आणि गोळी घेऊन ताप उतरला तर?"

तिने पेजेतला डाव थांबवला. माझ्याकडे पाहिलं. तिला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. बायकोने चिरणं थांबवलं नाही.

"ताप उतरतो बाबा," ऋतुजा हळू म्हणाली. "विषाणू नाही उतरत."

पेज चांगली झाली होती. मी ती संपवली, एवढं मला आठवतं, कारण संपवल्याची लाज वाटली होती.

त्यानंतरच्या आठवड्यात मी बरा झाल्यावर हॉस्पिटलात गेलो. शहाळं घेऊन. फाटकापाशी नानांची सून सुनंदा भेटली, म्हणाली, "वर चला ना, तुमचं नाव काढतात सारखं." मी म्हणालो, अजून थोडा खोकला आहे, कशाला उगाच. खोकला नव्हता. शहाळं तिच्या हातात दिलं आणि चिंचपोकळीपर्यंत चालत आलो. त्या दिवसापासून मला चालायची सवय लागली असं म्हणायला हरकत नाही.

नाना परत आले. जगले, हे मोठंच. पण आवाज आला नाही. बोलतात ते हवा आणि शब्द अर्धे अर्धे. दोन वाक्यांत दम. गाण्याचा तर प्रश्नच संपला. पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्याही वर्षी आरती मीच सांगितली. नाना मखराशेजारी खुर्चीत बसून नुसती मांडीवर बोटं वाजवत. त्यांच्या घरी मी मूर्तीकडे तोंड करून गायचो, त्यांच्याकडे नाही. लोकांना ती भक्ती वाटायची. मोठ्या आरतीत ती जागा आली की मी सूर धरायचो, पण मुद्दाम लवकर सोडायचो, दुसऱ्या कुणाच्या तरी आधी. आणि वर्षभर मागचा जिना.

कुणी मला दोष दिला नाही. ऋतुजा म्हणाली, सिद्ध करता येत नाही बाबा, त्या आठवड्यात बाजारात, दवाखान्यात, कुठूनही आलं असेल. डॉक्टर म्हणाले, छाती जुनीच खराब होती. सगळे मला सोडवत होते, पण बांधलं होतं कुठे ते कुणालाच माहीत नव्हतं. मी काही खून केला नव्हता. मी फक्त गायलो होतो. बंद खोलीत, अंगात ताप घेऊन, टाळ्यांसाठी. आणि ते नानांना सांगितलं नव्हतं. पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर दोन वाक्यांत झालं असतं. तिसऱ्या वर्षी त्याला जिना लागतो.

माणूस गुन्ह्याने दमत नाही, तो लपवायला जी वाट वाकडी करावी लागते तिने दमतो. पायऱ्या मी मोजल्या आहेत. मागच्या जिन्याला पुढच्यापेक्षा पाच जास्त.

या वर्षी मी फ्लूचं इंजेक्शन घेतलं, पण तेही माझ्याच पद्धतीने. ऋतुजा मे महिन्यापासून मागे लागली होती. विषाणू दरवर्षी कपडे बदलतो, म्हणून इंजेक्शनही दरवर्षी नवं, आणि पावसाच्या आधी घे, अंगात मुरायला दोन आठवडे लागतात. मी घेतलं गणपतीच्या पाच दिवस आधी. पाऊस सुरू झाल्यावर छत्री दुरुस्तीला टाकण्यातलाच प्रकार. टाळ झटकताना आलेली ती शिंक खरंच धुळीची होती. पण चतुर्थीच्या सकाळी उठलो तर घसा धरला होता. आवंढा गिळताना टोचत होतं.

मी ऋतुजाला सांगितलं. तिने काही सुचवलं नाही. बायकोनेही नाही. त्या दोघींनी मला काही सांगणं केव्हा सोडलं, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी कपाट उघडलं, शेल्याखालून मास्क काढला आणि नऊ वाजता पुढच्या जिन्याने खाली उतरलो.

नाना स्टुलावर बसून ओल्या फडक्याने हळदीची पानं पुसत होते. मी चार हात लांब, जिन्याच्या कठड्याशी थांबलो.

"असो लांब कित्याक उभो? ये, बस."

"नाना, घसा धरलाय. जवळ येत नाही."

"मग आरती?"

"आज नाही सांगत मी." मी मास्क नाकावर नीट ओढला. "त्या वर्षी पण सांगायला नको होती. ताप होता मला. गोळी खाऊन आलो होतो."

नानांनी हातातलं पान पुसून पुरं केलं. शिरेवरून, देठापर्यंत. ते बाजूला ठेवलं आणि दुसरं घेतलं.

"माका म्हायत आसा."

"काय?"

"टाळ मीच दिलंय ना तुका." दम घेतला. "हात लागलो तुझो. तव्यासारखो तापललो."

"मग थांबवलं का नाहीत मला?"

"दारात इलेली आरती कोण परत धाडता रे?" पुन्हा दम. "आणि माका पण व्हयी होती ती. तुझो दम बघूचो होतो. खिडकी पण मीच लावलंय, निरांजन विझात म्हणान."

खालून कुणीतरी मूर्ती घेऊन येत होतं, त्यांना वाट द्यायला मी भिंतीला चिकटलो. मूर्ती वर गेली. नाना हात जोडून तिच्या पाठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पण तीन वरसा मागच्या जिन्यान जातंस, ता बरा नाय केलंस. माका वाटला, म्हातारो झालंय, माझो कंटाळो इलो तुका."

एवढं बोलण्यात त्यांचा सगळा दम संपला. नाही म्हणायचं होतं, नुसती मान हलवली. मास्कचा एक फायदा असतो, त्यात तोंड कसं झालंय ते दिसत नाही. सुनंदा आतून चहा घेऊन आली. नानांनी खुणेने तिला माझा कप जिन्याच्या पायरीवर ठेवायला सांगितला. मी तो तिथे, पाठ फिरवून प्यायलो.

संध्याकाळी सहा घरं माझ्याशिवाय पार पडली. कडवी गाळली गेली, एक आरती दोनदा झाली, आकाश काही कोसळलं नाही. नानांच्या घरी मी बाहेर गॅलरीत उभा होतो, खिडकीपाशी. खिडकी उघडी होती. सुनंदाने निरांजन जुन्या कंदिलाच्या काचेत ठेवलं होतं. वाऱ्याने ज्योत आत नाचत होती पण विझत नव्हती. इतक्या साध्या गोष्टीला आम्हाला किती वर्षं लागली.

मोठी आरती सुरू करायला कुणीच पुढे होईना. सगळे एकमेकांकडे बघत होते. मग टाळाचा एक ठोका पडला. नानांनी पडलेला, न फुटणारा, हवेने भरलेला आवाज लावला. पहिली ओळ ओळखू येत नव्हती. दुसऱ्या ओळीला बाकीचे हळूहळू येऊन मिळाले, पण त्यांच्या पुढे कुणी गेलं नाही. ती जागा आली. नानांनी सूर धरला. एक, दोन. तिसऱ्याला तो तुटला.

आणि खोलीतल्या पंचवीस माणसांनी त्याच क्षणी सोडून दिलं. ज्यांचे दम अजून छातीत भरलेले होते, त्यांनीही. एकही सूर मागे उरला नाही. नानांनी ठोका दिला आणि चाळ पुढच्या ओळीवर उतरली. बाहेर मी एकटा होतो, मला कुणी बघत नव्हतं, तरी मी पण त्यांच्याबरोबरच थांबलो. मी गात नव्हतो. नुसता श्वास धरला होता.

उसळ मला खिडकीतून मिळाली. वर जायला निघालो तर बायको आधीच पुढच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी होती, एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातात प्रसादाची वाटी.

"झालं ना बोलणं?" ती म्हणाली. "मग उद्यापासून याच जिन्याने. तुम्हाला सोबत म्हणून तीन वर्षं मागच्या जिन्याने चढतेय, माझे गुडघे गेले."